जेटस्की ७०१ : मागचा पिस्टन दुसऱ्यांदा का गेला

२२ जुलै २०२५, मंगळवार

दुपारी देवबागहून टेम्पोतून मालवणला माझ्या गॅरेजमध्ये जेटस्की (पाण्यावरची स्कूटर) आली. पाऊस चालूच होता, ताडपत्री काढेपर्यंत आम्ही तिघेही भिजलो. यामाहाचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन, ७०१ सीसी, दोन सिलिंडर, दोन मिकुनी कार्ब्युरेटर. बोअर ८१ मिमी, स्ट्रोक ६८. ऑइलचा पंप आधीच्या मालकाने कधीच काढून टाकला आहे, त्यामुळे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात, ५० ला १. हे इंजिन मला मनापासून आवडतं. यात लपवाछपवी नाही. जे बिघडतं त्याची खूण कुठेतरी राहते आणि ती वाचता आली की काम निम्मं होतं.

मालकाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहून ठेवतो, कारण पुढे उपयोगी पडते: "सुरू होता, दहा-बारा मिनटां बरी चलता, मगे जीव सोडता. मेच्या मध्यात एकदम बसली ती बसलीच." गेल्या डिसेंबरात दुसरीकडे मागचा पिस्टन बदलून घेतला होता. तेव्हाही लक्षणं हीच. म्हणजे सहा महिन्यांत तोच सिलिंडर दुसऱ्यांदा.

मी विचारलं, दम सोडते म्हणजे इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी पुढे जात नाही, की आवाजच खाली येतो? हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. आवाज चढला आणि जोर नाही, तर दोष बहुतेक मागे, पाणी फेकून गाडी पुढे ढकलणाऱ्या जेट पंपात असतो: इंपेलरला (पंपातल्या पात्यांच्या चक्राला) गुंडाळलेला जाळ्याचा दोरा, त्याभोवतीची झिजलेली रिंग, नाहीतर अडकलेली पिशवी. आवाजच उतरला तर दोष इंजिनाकडे. तो म्हणाला, आवाज उतरतो. तरी पंप खालून बघितलाच. नायलॉनचे दोन धागे निघाले, पण इंपेलर आणि रिंगमधली फट ठीक आहे. ०.६ मिमीच्या वर गेली की मी रिंग बदलतो, इथे फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) ०.४ वर अडकला. पंप बाजूला.

आज सेल मारला नाही. बसलेलं इंजिन उत्साहाने फिरवून बघितलं की उरलेला पुरावाही घासून जातो.

२३ जुलै

सीट काढून तासभर उघडी ठेवली. जेटस्कीचं पोट बंद असतं, आत पेट्रोलची वाफ साचते, एक ठिणगी पुरे. माझा भाचा या वर्षीपासून हाताशी आहे, त्याला पहिला नियम हाच शिकवला.

दोन्ही प्लग काढले. पुढचा कॉफीच्या रंगाचा, चांगला. मागचा राखट पांढरा, आणि चिनी मातीवर बारीक चकाकणारे दाणे. भिंगाखाली धरून भाच्याला दाखवले. ते अ‍ॅल्युमिनियम आहे, पिस्टनचंच. वितळून उडालं आणि प्लगवर चिकटलं.

हाताने फ्लायव्हील फिरवून पाहिलं. फिरतं, पण मागचा पिस्टन वर येताना खरखरतो. फिरतंय म्हटल्यावर बॅटरी चार्ज करून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये बनणारा दाब) घेतलं. थ्रॉटल पूर्ण उघडा, दोन्ही प्लग बाहेर, दोन्ही प्लगच्या टोप्या इंजिनाला अर्थ केलेल्या. टोप्या मोकळ्या ठेवून सेल मारला तर सीडीआय (ठिणगी बनवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतो आणि त्याची किंमत पिस्टनपेक्षा जास्त आहे. चारेक सेकंदच फिरवलं.

पुढचा १४८ पीएसआय. मागचा ८५.

दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला की हेड उघडायचं, हे ठरलेलं आहे. इथे फरक चाळीस टक्क्यांच्या वर. ठिणगी दोन्हीकडे निळी, टणक. इलेक्ट्रिकच्या डब्यात पाणी नाही, अर्थची वायर स्वच्छ. करंटचा विषय इथेच संपला.

मालकाचा संध्याकाळी फोन. "पिस्टन मागवू का?" मी म्हटलं, दादा, थांबा. पिस्टन मरतो तो मारला जातो म्हणून. कोणी मारला ते आधी कळू दे.

२५ जुलै

आज फक्त पेट्रोल. आणि आजचा दिवस मोलाचा ठरला.

टाकी हातपंपाने पारदर्शक बरणीत उपसली, तळापासून. सगळं मिळून १४ लिटरच्या आसपास. बरणी बाकावर ठेवून चहा प्यायलो आणि परत आलो तर मधोमध रेघ. वर हिरवट पेट्रोल, ऑइलच्या रंगाचं. खाली अडीच लिटरभर गढूळ, जवळजवळ बिनरंगी थर. बरणी तिरपी केली की तो खालचा थर वेगळा घरंगळतो, तेलाच्या बरणीतलं पाणी जसं.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाण्याला जवळ करतं. थोडं पाणी असेल तर ते पोटात घेऊन सगळं एकजीव राहतं, बाहेरून काही कळत नाही. पण पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलची संगत सोडून पाण्याबरोबर तळाला जातं. चारचाकीलाही हे वाईटच. पण आपल्या इंजिनाला यात वेगळा धोका आहे: टू-स्ट्रोकचं ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, खालच्या थरात जवळजवळ काहीच नसतं. तो थर कार्ब्युरेटरमध्ये गेला की सिलिंडरला मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असं, मिळतं आणि ऑइल मिळतच नाही. दोन्ही शिक्षा एकाच वेळी.

भाच्याला बोटाने तपासायला लावलं. वरच्या थराचा थेंब चिमटीत चोळला की बुळबुळतो. खालच्याचा थेंब चोळला की बोटं कोरडी, गार पडतात आणि वास सॅनिटायझरचा. चाखायचं नाही हे सांगितलंच, पण जिभेशिवायही खारेपणा कळतो: काचेवर थेंब वाळवला तर पांढरा डाग राहिला. म्हणजे आत गेलं ते पावसाचं पाणी नाही, समुद्राचं आहे.

मग मोजपात्राचा प्रयोग. ताजं पेट्रोल ९० मिली, पाणी १० मिली, झाकण लावून हलवलं, दहा मिनिटं ठेवलं. खालचा थर १० वरून २८ वर गेला. जास्तीचे १८ मिली म्हणजे ९० चे २० टक्के, इथेनॉल. हाच प्रयोग टाकीतल्या वरच्या थरावर केला तर १० चे जेमतेम १६ झाले. म्हणजे त्यातलं बरंचसं इथेनॉल आधीच खाली उतरलं होतं. ही परीक्षा कोणालाही घरी करता येते, फक्त चुलीपासून लांब आणि उघड्यावर.

आणखी एक गोष्ट. या टाकीत पेट्रोल उचलायला दोन नळ्या आहेत. चालूची नळी थोडी वर संपते, रिझर्व्हची तळाशी. मालकाला फोन लावला: मेमध्ये बसली तेव्हा कॉक कुठे होता? थोडा विचार करून म्हणाला, "रिझर्व्हवर. पेट्रोल कमी होता ना." तळाचा थर सरळ इंजिनात.

पण पाणी आलं कुठून? टाकीला चीर नाही, भरण्याच्या नळीचे क्लिप घट्ट, झाकणाची रबरी रिंग शाबूत. याचं उत्तर आज मिळालं नाही.

२८ जुलै

हेड उघडण्याआधी इंजिनाची हवा तपासली. हा क्रम महत्त्वाचा आहे. एकदा उघडलं की हवा कुठून गळत होती हे कधीच कळत नाही. आधी मीही हे टाळायचो, वेळ जातो म्हणून. डिसेंबरात ज्यांनी पिस्टन बदलला त्यांनीही केलं नसावं.

कार्ब्युरेटर उतरवले. इनटेकची तोंडं आणि एक्झॉस्ट रबर आणि पट्टीने बंद, पेट्रोल पंपाला इंजिनाचा दाब पोचवणारी पल्सची नळी चिमटीत. सायकलच्या पंपाने ८ पीएसआय भरले. जास्त भरायचं नाही, क्रँकचे सील उलटतात. साबणाचं पाणी मारलं: सिलिंडरच्या बुडाशी, क्रँककेसच्या जोडावर, मॅग्नेटोच्या बाजूला, कपलिंगच्या बाजूला. बुडबुडा नाही. पाच मिनिटांत काटा ८ वरून साडेसातला आला. चालेल.

म्हणजे बाहेरची हवा आत शिरून मिश्रण पातळ होत नव्हतं. ही शंका मला सर्वांत जास्त होती, कारण एकच सिलिंडर जातो तेव्हा बऱ्याचदा त्या बाजूचं सील असतं. शंका मिटली याचंही समाधान असतं. आता दोष उरला तो टाकीपासून कार्ब्युरेटरच्या जेटपर्यंतच्या वाटेत.

३० जुलै

हेड आणि सिलिंडर वर घेतले.

पुढचा पिस्टन: डोक्यावर काळसर थर आणि कडेला पोर्टांच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) समोर धुतल्यासारखे स्वच्छ पट्टे. ताजं मिश्रण तिथून शिरतं आणि कार्बन धुऊन काढतं. असे पट्टे दिसले की मिश्रण पुरेसं होतं.

मागचा: डोकं पूर्ण करडं, पट्टा एकही नाही. एक्झॉस्टच्या बाजूला उभी चोळ (घासल्याची खूण), रिंगेच्या खोबणीपासून स्कर्टपर्यंत, वरची रिंग तिथे अ‍ॅल्युमिनियमखाली गाडली गेलेली. चोळ चारही कोपऱ्यांवर असती तर थंड इंजिन एकदम पळवलं असं म्हटलं असतं. ही एकाच बाजूला, सर्वांत तापणाऱ्या बाजूला आहे. पातळ मिश्रण, उष्णता.

क्रँकची बेअरिंगं सुदैवाने शांत आहेत. बोटाने फिरवून, कान लावून ऐकली, खर नाही. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला उभा खेळ नाही. खारं पाणी आत राहिलं असतं तर दोन महिन्यांत गंज चढला असता. मेमध्ये बसल्यावर मालकाने प्लगच्या भोकांतून ऑइल ओतून ठेवलं होतं. ते त्याला कोणी शिकवलं माहीत नाही, पण त्याच्यामुळे क्रँक वाचला.

४ ऑगस्ट

कार्ब्युरेटर. तीन दिवस लागले, आणि घाई केली नाही.

या मिकुनींच्या पोटात बारीक जाळी असते, बोटाच्या नखाएवढी. पुढच्याची जाळी थोडी मळलेली. मागच्याची जवळजवळ पूर्ण बुजलेली, काळ्या चिकट गाळाने. सुईच्या टोकावर घेतला तर तारेसारखा लांबतो. तो कुठून आला ते शोधायला पेट्रोलच्या सगळ्या नळ्या उभ्या चिरल्या. बाहेरून गुळगुळीत, आतून सालपटं. आतला थर बोटाने खरवडला की निघून येतो. जुन्या रबराला इथेनॉल असंच सोलून काढतं आणि ते सगळं पहिल्या बारीक जाळीवर जाऊन बसतं.

डायफ्राम दोन्हीकडचे कडक. नवा डायफ्राम कानाशी हलवला तर आवाज होत नाही, हे जुने वाळल्या पानासारखे वाजतात. पॉप-ऑफ दाब मोजला: छोटा पंप आणि मीटर लावून सुईझडप किती दाबाला उघडते ते. पुढची २४ पीएसआयला उघडली. मागची ३१ पर्यंत चिकटून राहिली आणि मग एकदम सुटली.

आता मागचाच सिलिंडर का, हे स्पष्ट आहे. पेट्रोल दोघांनाही कमी मिळत होतं, पण मागच्याला बुजलेल्या जाळीतून आणि चिकटलेल्या झडपेतून आणखी कमी. आधी तो मरणार होता. पुढचा महिन्या-दोन महिन्यांनी गेला असता.

मागवलेलं सामान: दोन्ही कार्ब्युरेटरचे पूर्ण किट (सुई, सीट, डायफ्राम, पॅकिंग), इथेनॉल चालणारी नवी नळी चार मीटर, पारदर्शक वाटीचा पाणी वेगळं करणारा फिल्टर, पिस्टन-रिंग-पिन-बेअरिंग ८१.५० मापाचं (मूळ ८१ पेक्षा अर्धा मिमी मोठं) दोन्ही सिलिंडरना, गॅस्केटचा सेट, प्लग बीआर८एचएस चार.

पुढचा पिस्टन चांगला असताना तोही का बदलायचा, असं मालकाने विचारलं. एका बाजूला ८१.५० आणि दुसरीकडे ८१ ठेवणं मला पटत नाही. त्याने मान्य केलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नारळी पौर्णिमा. काम बंद. बंदरावर जाऊन सोन्याचा नारळ बघितला, गर्दी पुष्कळ.

१४ ऑगस्ट

कोल्हापूर. फोंडाघाटातून राधानगरीमार्गे, सिलिंडर गोणपाटात गुंडाळून मागच्या सीटवर. शिवाजी उद्यमनगरात बोअरिंगवाले पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण टू-स्ट्रोकचं काम करणारे हात आता कमी होत चालले. माझ्या ओळखीचे काका सत्तरीत आहेत. पिस्टन हातात असल्याशिवाय ते बोअर करत नाहीत. नुसतं "पन्नास वाढवा" म्हणून चालत नाही. प्रत्येक पिस्टन मोजतात, डब्यातल्या कागदावर जेवढी फट दिली आहे तेवढीच सोडतात, आणि कोणता पिस्टन कोणत्या सिलिंडरचा ते खिळ्याने कोरून देतात.

पोर्टांच्या कडा बोअरिंगनंतर ब्लेडसारख्या होतात. त्या गोलसर मारल्या नाहीत तर रिंग पहिल्याच फेऱ्यात अडकून तुटते. काकांनी प्रत्येक पोर्टची कड हातानेच, बारीक दगडाने मारली. मी स्टुलावर बसून तासभर बघत होतो. शेवटी त्यांनी माझं बोट धरून आतून फिरवलं. कापसासारखं गेलं. मग होनिंग, म्हणजे दगडाने घासून आत तिरप्या रेघांची जाळी. सिलिंडर गरम पाण्याने आणि साबणाने धुवायला सांगितलं, रॉकेलने नाही. होनिंगची पूड रॉकेलने निघत नाही, पांढऱ्या फडक्याला करडं लागायचं थांबेपर्यंत धुवायचं. मालवणला येऊन पाच वेळा धुतले.

२३ ऑगस्ट

सगळं सामान आलं. जोडणी सुरू.

रिंगांची टोकं सिलिंडरमध्ये ठेवून मोजली, ०.३५ मिमी. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. पिनचे सर्कलिप (पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्या) नवे. जुने परत घालू नयेत, एवढ्याशा तारेमुळे अख्खी इंजिनं गेलेली मी बघितली आहेत. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत.

कार्ब्युरेटर जोडून पुन्हा पॉप-ऑफ: २४ आणि २४. टाकी उतरवून साबणाने धुतली, दोन दिवस उलटी वाळवली, आतून टॉर्च मारून बघितली. नवी पेट्रोलची नळी सगळीकडे. फिल्टर सीटखाली अशा जागी बसवला की सीट उचलताच वाटी दिसावी. पुन्हा एकदा ८ पीएसआय हवा, पाच मिनिटं. काटा हलला नाही.

२७ तारखेला गणपती. आता जे काही ते विसर्जनानंतर. चाकरमानी आले आहेत, घर भरलं आहे, गॅरेजला कुलूप.

३ सप्टेंबर

गौरी-गणपती काल गेले. आज बाहेर, नळाच्या पाण्यावर इंजिन सुरू केलं. भाच्याकडून क्रम पाठ करून घेतला: आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलटं केलं तर एक्झॉस्टमधून पाणी भरत भरत सिलिंडरपर्यंत येतं. पहिल्या भरणीला ऑइल दुप्पट, २५ ला १.

तिसऱ्या सेलला सुरू झालं. निळा धूर, आणि तो आवाज. दोन-दोन मिनिटं चालवून थंड केलं, चार वेळा. कॉम्प्रेशन १५२ आणि १५०.

९ सप्टेंबर

कर्ली खाडीत, देवबागच्या नदीच्या बाजूला पहिली फेरी. समुद्राला अजून लाटा आहेत आणि वाळूत नव्या इंजिनाची परीक्षा घेण्यात शहाणपण नाही. भरतीला निघालो, कमरेइतक्या पाण्यात नेऊन मगच सेल मारला. उथळ पाण्यात सुरू केलं की पंप पाण्याबरोबर वाळू ओढतो. मालक स्वतः चालवत होता, मी आणि भाचा होडीतून मागे. लाइफ जॅकेट तिघांनाही.

पंचवीस मिनिटं सुंदर. अर्ध्या थ्रॉटलपर्यंत, कमी-जास्त करत. फिल्टरची वाटी स्वच्छ. मी मनात म्हटलं, झालं.

मग आवाज उतरला. अगदी तसाच, त्याने पहिल्या दिवशी सांगितला तसा: हळूहळू, कोणी गळा आवळावा तसा. मी ओरडलो, बंद कर! त्याने लगेच इंजिन बंद करायची दोरी ओढली. नवा पिस्टन, दोन महिन्यांचं काम, माझ्या पोटात गोळा आला.

होडी बाजूला लावली. सीट काढली. फिल्टरची वाटी अर्धी रिकामी. पेट्रोल येतच नव्हतं. टाकीत दहा लिटर तर होतंच. मग टाकीकडे नजर गेली आणि क्षणभर कळेना काय वेगळं दिसतंय. टाकीच्या दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या होत्या, गाल आत घेतल्यासारख्या. मी झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत शिरली आणि प्लास्टिक टप टप करत बाहेर आलं.

मालक शांतपणे म्हणाला, "झाकण जरासा ढिला ठेवला काय बरी चलता. मी तसाच चलवी."

मी विचारलं, कधीपासून? म्हणाला, डिसेंबरात पिस्टन बदलला तरी दम सोडतच होती, तेव्हापासून. आज माझ्या समोर म्हणून घट्ट लावलं होतं. मी म्हटलं, मग हे मला आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तुमी इंजिनाचा इचारलात. झाकणाचा खंय इचारलात?"

त्याचं बरोबर आहे. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं काय बिघडलं. बिघडल्यावर ती चालती ठेवायला तू काय काय करतोस, हे विचारलं नव्हतं. समुद्राचं पाणी टाकीत कुठून आलं याचं उत्तर २५ जुलैपासून त्याच्याजवळ होतं.

१० सप्टेंबर

टाकीतून पेट्रोल जितकं बाहेर जातं तितकी हवा आत यायला हवी. त्यासाठी टाकीला एक श्वासाची नळी असते आणि तिच्यात एकेरी झडप. हवा आत येऊ देते, पण जेटस्की उलटली तर पेट्रोल बाहेर जाऊ देत नाही. मी पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलल्या आणि ही एकच सोडली, कारण हिच्यातून पेट्रोल जात नाही. तोंडाने फुंकून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

आज नळी पूर्ण काढली. झडप ठीक आहे, एका बाजूने हवा जाते, दुसऱ्या बाजूने नाही. नळीच्या बाहेरच्या टोकात मात्र माती. सुकलेली, तांबूस, गुळगुळीत लिंपलेली. काडीने पोखरली तर आत पोकळी आणि तिच्यात वाळलेल्या कोळ्यांचे पाय. कुंभारीण माशीचं घर. आमच्याकडे खिडकीच्या कोपऱ्यात, कुलपाच्या भोकात, बंद पंख्यात ती घर करते. जेटस्की २०२४ च्या पावसाळ्यात चार महिने शेडमध्ये होती, तेव्हा तिला ही नळी सापडली असणार.

आता सगळं क्रमाने लागतं. कुंभारणीने नळी लिंपली. ऑक्टोबरात गाडी उतरवल्यावर दहा-बारा मिनिटांत टाकीत ओढ बसून पेट्रोल तुटायला लागलं. सोललेल्या नळीच्या गाळाने मागची जाळी आधीच अर्धी बुजलेली, म्हणून मागचा सिलिंडर कोरडा पडून डिसेंबरात गेला. पिस्टन बदलला, माती तिथेच. मालकाला सैल झाकणाची युक्ती सापडली आणि गाडी धावायला लागली. त्या सैल झाकणातून मेपर्यंत रोज थोडं थोडं खारं पाणी. इथेनॉल घेऊन ते तळाला बसलं. आणि एक दिवस पेट्रोल कमी झालं म्हणून कॉक रिझर्व्हवर.

नळी आणि झडप दोन्ही नवी घातली. बाहेरच्या टोकाला स्टेनलेसची बारीक जाळी, तारेने बांधून. फुंकून बघितलं. भाच्यानेही फुंकून बघितलं. मग झाकण घट्ट करून पुन्हा एकदा दोघांनी.

सिलिंडर पुन्हा उघडून बघायचे का, यावर रात्री विचार करत बसलो. काल आवाज उतरल्यापासून दोरी ओढेपर्यंत चार-पाच सेकंद गेले असतील, आणि ऑइल २५ ला १ होतं. एक्झॉस्ट काढून पोर्टमधून टॉर्चने दोन्ही पिस्टन बघितले. होनिंगच्या रेघा जशाच्या तशा. उघडत नाही.

१२ सप्टेंबर

पुन्हा कर्ली खाडी. झाकण मी स्वतः लावलं. पन्नास मिनिटं, न थांबता, शेवटची दहा मिनिटं तुकड्या-तुकड्याने पूर्ण थ्रॉटल. आवाज एकदाही उतरला नाही. टाकी फुगलेली नाही, दबलेली नाही. प्लग दोन्ही सारखे, तपकिरी. मालक उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते, हँडल इतकं घट्ट धरलं होतं.

२ ऑक्टोबर

दसरा. कॉम्प्रेशन मीटर, पॉप-ऑफचा पंप, काकांनी दिलेला बारीक दगड, सगळं पाटावर मांडून पूजा केली. सहा तास चाललेल्या गाडीचं माप घेतलं: १५५ आणि १५४. आजपासून ऑइल ५० ला १.

मालकाला चार गोष्टी सांगितल्या, त्याने मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतल्या. पेट्रोल रोज लागेल तेवढंच भरायचं, आठवड्याहून जुनं ठेवायचं नाही. धुताना पाण्याचा झोत झाकणावर मारायचा नाही. फिल्टरच्या वाटीत रेघ दिसली तर त्या दिवशी गाडी काढायची नाही. पावसाळ्याआधी टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे, सिलिंडरमध्ये ऑइल.

टाकीतून काढलेलं जुनं पेट्रोल अजून गॅरेजमध्ये आहे, कॅनवर चिठ्ठी लावून. वरचा थर सामान धुवायला वापरतोय. खालचा कुठे ओतायचा नाही, विहीर वीस पावलांवर आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

देवबागहून दुसरी जेटस्की आली, याच मालकाच्या चुलतभावाची. फोर-स्ट्रोक, तक्रार वेगळी: सुरूच होत नाही. भाच्याने सीट काढायच्या आधी त्याला विचारलं, "दादा, ती सुरू व्हावी म्हणून तुम्ही काय काय करून बघितलंत? सगळं सांगा, अगदी झाकण-बिकणसुद्धा." आणि वही उघडून लिहायला बसला.